एकाच भिंतीकडे तोंड

दिनांक ४ मार्च, बुधवार. सकाळच्या पाळीत, इस्पितळाच्या तळघरातील धुलाई विभागात, माझ्या मावशीच्या हाती एक सूचनापत्र देण्यात आले. त्यात म्हटले आहे की, संबंधित महिला कर्मचाऱ्याने धुलाई विभागाच्या जागेत दोन बाहेरच्या इसमांना धार्मिक विधी करू दिला. सबब तिने महिनाअखेरपर्यंत लेखी माफी सादर करावी, अन्यथा तिला कामावरून कमी करण्यात येईल. मावशीने पत्र वाचले, त्याच्या चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली ते सरकवले.

"बरं झालं," ती म्हणाली. "कधीची जाड कागद शोधत होते."

मला मावशीसारखा विनोद जमत नाही. मी कायदा शिकलो, एका कचेरीत अर्धे आयुष्य इतरांचे अर्ज नीट करून दिले, आणि माझा स्वतःचा एकही अर्ज आजवर मंजूर झालेला नाही. रागाने लिहिलेला मजकूर कोणत्या टोपलीत जातो, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही हे रागानेच लिहीत आहे. थंड डोक्याने लिहिण्यासारखे ह्या प्रकरणात काही उरलेले नाही.

इस्पितळात सगळेच तिला मावशी म्हणतात. डॉक्टर, रुग्ण, रखवालदार, सगळे. मी तेवढा तिचा खरा भाचा. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. मावशीने मला आपल्या एका खोलीत आणले, स्वतःचा पलंग मला दिला आणि स्वतः जमिनीवर निजू लागली. तिचे लग्न झाले होते, पण नवरा परदेशी कामाला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्याविषयी विचारले की ती म्हणे, "वाट चुकला असेल. पुरुषांना कुणाला विचारायची सवय नसते." तिला मात्र ती सवय होती. पुढे जे काही घडले, ते ह्या एका सवयीतून घडले.

चौथ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या शेजारी, अडगळीची एक खोली होती. तिच्यात मोडक्या स्ट्रेचरपासून फुटक्या बेसिनपर्यंत सारे पडलेले असे. आत ज्यांचे कुणी मरणाशी झुंजत असे, ती माणसे जिन्यात बसून रडत. मावशीकडे त्या मजल्याची साफसफाई होती. एक दिवस तिने वरिष्ठांकडे जाऊन सांगितले की लोक जिन्यात रडतात त्यामुळे फरशी पुसता येत नाही, तेव्हा त्यांना ती खोली द्यावी. दयेच्या नावाने मागितले असते तर खोली मिळाली नसती. फरशीच्या नावाने मिळाली. तिने भिंती धुतल्या, बंद पडलेल्या दंतविभागातील लोखंडी खुर्च्या ओढत आणल्या आणि कुणालाही न विचारता दार उघडे ठेवले.

रडून झाले की माणसे प्रार्थना करतात. कोणी खुर्ची सरकवू लागला की मावशी विचारी, "कुठं तोंड करायचंय तुम्हाला?" दिशा तिला ठाऊक नव्हत्या, ज्याची त्याने सांगितली, तशी तिने लक्षात ठेवली. आमचे गाव यरुशलेम आणि मक्का ह्या दोन्ही शहरांच्या दूर पश्चिमेला आहे, त्यामुळे ती दोन्ही पूर्वेच्या अंगाला येतात, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या जुन्या देवळांची वेदीसुद्धा पूर्वेलाच असते. त्यामुळे यहुदी असो, मुसलमान असो की आमच्यातला एखादा जुन्या वळणाचा माणूस असो, बसायचा बाहेरच्या भिंतीकडेच तोंड करून. तिच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा पाईप होता, मध्ये कपाट, उजवीकडे खिडकी. आमचे लोक पाईपाकडे, यहुदी कपाटाकडे आणि मुसलमान खिडकीकडे. तीन धर्मांमधले सारे अंतर मावशीच्या लेखी खुर्चीच्या पाव वळशाइतके होते. ती खुर्ची फिरवून द्यायची आणि बादली उचलून पुढच्या कामाला लागायची.

रोज येणाऱ्यांत दोघे होते. एक चष्मेवाले आजोबा. बायको महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली, स्वतःचे गुडघे गेलेले, त्यामुळे उभ्याने करायची प्रार्थना ते बसून करीत. जातीचे यहुदी आणि जिभेचे तिखट. दुसरा टॅक्सीवाला, मुसलमान. त्याच्या आईचे मूत्रपिंड निकामी झालेले. मावशी त्याच्यासाठी दोन खुर्च्या बाजूला करून धुतलेली चादर अंथरीत असे. त्या दोघांची बोलणी मी स्वतः ऐकलेली आहेत.

"आजोबा, आपला दोघांचा बाप एकच," टॅक्सीवाला एकदा म्हणाला. "इब्राहीम. फक्त आया वेगळ्या."

"म्हणूनच तर पटत नाही," आजोबा म्हणाले. "सख्खे असतो तर आईनं दोघांनाही एकदाच झोडपून काढलं असतं."

मावशी कपाटावरची धूळ पुसत होती. "आणि आम्ही हो कोण?"

"तुम्ही आमची लेक. लग्न होऊन गेलात आणि जाताना माहेरची सगळी पुस्तकं घेऊन गेलात. वर पहिल्या पानावर लिहिलंत, जुना करार."

"मग मी?" टॅक्सीवाल्याने विचारले.

"तू धाकटा. सगळं घर झोपल्यावर आलास आणि म्हणालास, मोठ्यांनी निरोप नीट लिहून घेतला नाही, आता माझं ऐका."

"ते तर खरंच आहे, आजोबा."

"बघा. ह्यालाच भाऊबंदकी म्हणतात."

ही भाऊबंदकी रक्तरंजित आहे, हे मी नाकारीत नाही. तिच्यात किती माणसे मेली, ह्याचा अंत नाही. तिन्ही घरांत तोच मुसा आहे, दोन घरांत तीच मरियम आहे, आणि हे ठाऊक असूनही एकमेकांच्या गळ्यावर सुरी ठेवणारे लोक रोज जन्माला येतात. परंतु भाऊबंदकी होण्यासाठी आधी भाऊ असावे लागतात. आमच्या इस्पितळातील सुशिक्षितांनी जे केले त्यात भाऊच उरले नाहीत. तीन भाडेकरू उरले.

गेल्या पावसाळ्यात खोलीला रंग देण्यात आला. रंगाऱ्यांनी कपाट उचलून खिडकीजवळ नेले आणि तिथेच सोडले. मावशीची चूक ती एवढीच, आणि ती चूक होती हे मी मान्य करतो: कपाट हलले आहे ह्याकडे तिचे लक्ष गेले नाही. ती आजोबांची खुर्ची सवयीने कपाटाकडे वळवत राहिली. आठवडाभर एक म्हातारा यहुदी मक्केकडे तोंड करून बायकोसाठी प्रार्थना करीत होता. शेवटी टॅक्सीवाल्याच्या लक्षात आले.

"आजोबा, तुम्ही आमच्या वाटेला कसे?"

आजोबांनी कपाट पाहिले, खिडकी पाहिली आणि चष्मा पुसला. मावशीचा चेहरा पडला होता. "माझ्याकडून मोठी चूक झाली हो," ती म्हणाली.

"कसली चूक," आजोबा म्हणाले. "ह्यांच्या पैगंबरांच्या काळात पहिले मुसलमान वर्षभराहून जास्त आमच्या यरुशलेमकडे तोंड करत होते. मी एक आठवडा त्यांच्याकडे केलं. फिटंफाट."

टॅक्सीवाला इतका हसला की शेजारच्या विभागातील परिचारिका गप्प करायला आली. दुर्दैवाने तिच्यामागे आणखी एक जण उभा होता.

इस्पितळाने 'सर्वधर्म सलोखा कक्ष' नावाचे एक खाते नुकतेच उघडले होते आणि त्याला एक समन्वयक नेमला होता. मावशी त्याला फीतकापे साहेब म्हणते, कारण तो ह्या इमारतीत पाऊल ठेवतो तेव्हा काहीतरी उद्घाटन असते. कोणत्याही देवळात, मशिदीत किंवा सभास्थानात हा गृहस्थ कधी कोणाला दिसलेला नाही. त्याने दारातून सारे ऐकले, हसला नाही, आणि एका यहुदी वृद्धाची धार्मिक भावना अशिक्षित कर्मचाऱ्याने दुखावल्याचा अहवाल वर पाठवला.

चौकशी बसली. आजोबांना 'बाधित व्यक्ती' म्हणून बोलावण्यात आले. मी मावशीच्या वतीने हजर होतो.

"तुमची तक्रार काय आहे?" समन्वयकाने विचारले.

"तक्रार अशी," आजोबा म्हणाले, "की मला बायकोपासून उठवून इथं आणलं."

"तुमची प्रार्थना चुकीच्या दिशेला झाली."

"ती ज्याच्याकडे जायची होती तो काही कपाटाशेजारी राहत नाही."

"म्हणजे तुम्ही ह्या बाईंना क्षमा करता, असं लिहू?"

आजोबांनी हात झटकला. "लिहा काय लिहायचं ते. मला जाऊ द्या."

तेच लिहिण्यात आले. 'बाधित व्यक्तीने उदार मनाने क्षमा केली आहे.' आणि त्याखालीच निष्कर्ष: ज्या अर्थी क्षमा केली, त्या अर्थी अपराध घडला होता. मी कायदा शिकलेला माणूस आहे. एका म्हाताऱ्याच्या चांगुलपणाचा दोरखंड करून दुसऱ्याच्या गळ्यात अडकवण्याची ही युक्ती मी कोणत्याही न्यायालयात पाहिलेली नाही. मी हरकत नोंदवली. हरकतीची पोच मिळाली. मावशीची बदली तळघरात झाली.

त्यानंतर खोलीचे जे केले ते पाहून मला रात्रभर झोप आली नाही. एका वास्तुरचनाकाराने तीन पाकळ्यांच्या फुलाचे चित्र काढले. चित्र सुरेख होते, आणि सुरेख चित्रापुढे आपल्याकडे कोणाची अक्कल चालत नाही. खोलीत तीन आडोसे उभारले गेले, पाकळ्यांसारखे, मध्यभागी पाठीला पाठ लावून. पूर्वी एका भिंतीकडे तोंड करणारी माणसे आता तीन भिंतींकडे तोंड करून बसली. खुर्च्या जमिनीत स्क्रूने आवळल्या गेल्या. प्रत्येक दारावर पाटी, आत प्रार्थनेची दिशा दाखवणारा बाण, दारात रखवालदार. मक्केचा बाण विचारून काढला म्हणून तेवढा बरोबर आला. यहुदी आडोशातला बाण मात्र पाकळीच्या टोकाकडे, म्हणजे थेट लिफ्टकडे रोखलेला होता. मावशीची चूक एका आठवड्याची होती. ही चूक स्क्रूने पक्की केलेली आहे, आणि तिच्यासाठी चौकशी बसलेली नाही. उद्घाटनाला फीत कापली गेली. भाषणात 'एकाच वृक्षाच्या तीन फांद्या' असे शब्द होते. वृक्ष तर त्यांनीच कापला होता.

फेब्रुवारीतील एका शुक्रवारी टॅक्सीवाल्याच्या आईला तातडीने शस्त्रक्रियेला नेले. दुपारची नमाज होती. मुसलमानांचा आडोसा माणसांनी खच्चून भरलेला. तो बाहेर उभा राहिला. शेजारच्या आडोशात आजोबा एकटेच होते.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. "जागा रिकामी आहे."

रखवालदार आडवा आला. "ह्यांचा विभाग तो आहे. इथं सोडता येत नाही, वरून ऑर्डर आहे."

"माझा पाहुणा आहे तो."

"पाहुण्याची सोय नियमात नाही, आजोबा. माझी नोकरी जाईल."

आजोबा काठी टेकत उठले. "हा बाण बघितलास?" ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "कधीचा लिफ्टकडे जा म्हणतोय. देवाच्या मनात आपल्याला खालीच न्यायचं असेल."

ते दोघे लिफ्टने तळघरात उतरले. मावशी चादरींच्या ढिगाऱ्याआड घड्या घालत होती. तिने टॅक्सीवाल्याचा चेहरा पाहिला. मग आपल्या सवयीप्रमाणे एकच गोष्ट विचारली, "इथून कुठं तोंड येतं?" ह्या वेळी कपाट नव्हते, खिडकीही नव्हती. तिघांनी मिळून, वरची खोली कशी होती ते आठवून, वाफेच्या नळाची भिंत ठरवली. तिने एक स्टूल वळवले, एक चादर अंथरली आणि यंत्र थांबवले, आवाज नको म्हणून. ते दोघे प्रार्थना करीत होते तेवढा वेळ ती दाराशी उभी राहिली. टॅक्सीवाल्याच्या आईची शस्त्रक्रिया पार पडली. ती आता घरी आहे. परंतु बंद यंत्राची नोंद पर्यवेक्षकाकडे गेली, पर्यवेक्षकाकडून फीतकाप्याकडे, आणि तिथून ४ मार्चचे सूचनापत्र निघाले.

मी मावशीला म्हणालो, "दोन ओळींची माफी मी लिहून देतो, तू फक्त सही कर. नोकरी वाचेल."

"कुणाची मागू?" ती म्हणाली. "म्हाताऱ्याची मागितली तर तो म्हणतो फिटंफाट. पोराची मागितली तर तो माझ्या पाया पडतो. उरला फीतकापे. त्याचं मी काय केलंय?"

"मावशी, ह्या वयात कोण तुला काम देणार?"

"तू आहेस की. माझा पलंग अजून तुझ्याकडेच आहे. आता जमिनीवर झोपायची पाळी तुझी."

ती माफीपत्र देणार नाही, हे ह्याद्वारे कळवतो. महिनाअखेर जवळ आली आहे.

वाचकहो, ह्या इस्पितळात तुमच्यापैकी प्रत्येकाचे कुणी ना कुणी कधीतरी निजलेले आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांना मावशीने खुर्ची वळवून दिलेली आहे. तेव्हा मला धीर देणारी पत्रे पाठवू नका. महिना संपण्याआधी स्वतः इस्पितळाच्या अधीक्षकांकडे जा आणि आपल्या सहीनिशी लेखी मागणी द्या: सूचनापत्र मागे घ्या, आडोसे पाडा, खुर्च्यांचे स्क्रू काढा आणि मावशीला चौथ्या मजल्यावर परत पाठवा. पत्रात सलोखा हा शब्द वापरू नका.