आईच्या टॉवेलसाठी सोलापूर

सोलापूरला जायचं ठरलं ते आईच्या टॉवेलवरून. ती राहते त्या पुण्यातल्या वृद्धाश्रमात सगळ्यांचे टॉवेल सारखेच. तिचा विसराळूपणा वाढलाय. रोज अंघोळ झाली की "हा माझा नाही" म्हणते आणि ओल्या अंगाने बसून राहते. पेनने लिहिलेलं नाव तिला दिसत नाही. मी पोस्टरांसाठी अक्षरं काढते: अरुंद, जाड, नखरा नसलेली, थोड्या जागेत मोठ्याने बोलणारी. तशाच अक्षरांत तिचं नाव टॉवेलमध्ये विणून घ्यावं, असं मनात आलं.

पुण्याहून सकाळची गाडी धरली तर चारेक तास लागतात. शक्यतो थंडीत जा. मी मार्चमध्ये भाजून निघाले. दोनचारच नग विणून देणारे कमी, म्हणून आधी फोन केला होता. तरी कारखान्याचे मालक श्रीनिवासअण्णा माझा कागद बघून हसलेच. "ताई, ही अक्षरं हायत का यष्टीतली माणसं? लई दाटीनं बसलीत की!" मग ते बायकोशी, पद्माअक्कांशी, तेलुगूत काहीतरी बोलले. अक्कांनी कागद ठेवून घेतला; नमुना उद्या, म्हणाल्या.

संध्याकाळी तिथल्या नवी पेठेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली, पण लक्ष दुकानांच्या पाट्यांवर. त्यांतलं आईला काय वाचता आलं असतं?

दुसऱ्या दिवशी नमुना हातात आला. पांढऱ्यावर गडद निळं 'कौसल्या देशमाने'. मी हरखले.

"आदी धुवून बगा," अक्का म्हणाल्या, "मग नाचा."

लॉजच्या बादलीत धुतला, गच्चीत वाळवला. धागे फुगले होते. क, स, म यांच्या पोटातली जागा बुजून गेली होती. लांबून पाहिलं तर नाव नव्हतंच, नुसते खिडकीचे गज. वाटलं, आई याकडे बघून आणखीच घाबरेल. तो घेऊन परत कारखान्यात गेले.

"आडनाव काडा की," अण्णा म्हणाले. "टावेलावर काय टपाल यायचं हाय?"

"घरी काय म्हणायचे त्यास्नी?" अक्कांनी विचारलं.

"कौसल्या. पण तशी हाक मारणारं आता कोणी उरलं नाही."

"मग टावेल मारंल."

आडनाव गेलं. अक्षरं जाड आणि अरुंदच ठेवली, पण त्यांच्या पोटात हवा आली. नवा नमुना बादलीत दोनदा पिळला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाहूनही वाचता आला. तरी परतीच्या गाडीत पिशवीतून पुन्हा पुन्हा काढून बघत होते.

आईने टॉवेल मांडीवर पसरला. बोट फिरवत वाचलं, "कौसल्या." आणि हाक आल्यासारखी दाराकडे बघत राहिली. मग टॉवेल खांद्यावर घेतला.

"आणि तुझा कुठाय?"

माझ्या नावाचा अजून विणून घेतलेला नाही. तिने तो वाचला आणि ही कोण म्हणून विचारलं तर?