सोमवारी बैल जुंपत नाहीत

नववीच्या भूगोलाचं पुस्तक सरकारने ठरवलेलं असतं. त्याला जोडून आपल्या परिसराचा एक छोटा अभ्यासक्रम आखण्याचं काम शाळेने माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मी सर्वांत आधी मातीचा पाठ लिहायला घेतला. धारवाडात, मळमड्डीतल्या घरी बसून त्याच्या दहा तासिका आखल्या आणि शेवटची वर्गाबाहेर नेली. मुलांनी शेतात उभं राहून कोळपणी पाहावी, पिकाच्या ओळींमधून बैल चालतात तेव्हा उलटणारी ओली माती हातात घ्यावी, एवढीच माझी इच्छा होती.

मुख्याध्यापिकाबाईंना ते पटत नव्हतं. "अख्खा दिवस जातो, बसचा खटाटोप होतो आणि मुलं चिखल घेऊन परत येतात. तेवढ्यात नकाशाभरणाचे चार तास होतील," त्या म्हणाल्या. अखेर ठरलं की एकदा करून पाहायचं, आणि त्या स्वतः सोबत येणार. जमलं तर पाठ राहील, नाही तर त्याच्या जागी नकाशे. मी सोमवार निवडला, कारण त्या दिवशी कुठल्याच विषयाची चाचणी नव्हती.

अळणावरकडच्या एका गावात आम्ही उतरलो तेव्हा हवेत ओल्या भाताचा हिरवा, किंचित गोडसर वास होता. शेतात मात्र चिटपाखरू नव्हतं. मुलं शेत बघायला येतील एवढाच निरोप ज्यांना दिला होता ते वयस्क शेतकरी अंगणात चहा घेत बसले होते, आणि बैल गोठ्यात डोळे मिटून रवंथ करत होते.

"अण्णा, कोळपणी कधी सुरू होणार?" मी विचारलं.

"आज? अक्का, आज सोमवार न्हाई का! बसवण्णाचा, नंदीचा वार. आज बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत आमच्यात." मग बसमधून उतरणाऱ्या मुलांच्या रांगेकडे पाहून ते हसले. "धारवाडास्नं एवढी बस करून बैलाची झोप बघाय आलाय म्हणा की!"

मुलं खिदळली. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं.

जवळच्याच खेड्यातून शाळेत येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही छापील कागदावर सोमवारच दिला होता ना. म्हटलं, अभ्यासक्रमात चालत असेल."

तिच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागलं. दहा तासिकांत मी त्या मुलीला एकदाही काही विचारलं नव्हतं.

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. "बैल निवांत, म्हणून मीबी निवांत हाय. उद्या आला असता तर बांधावरनंच बघून गेला असता. चपला काढा. जमीन दाखवतो."

वरच्या अंगाची माती लालसर, मुरमाड होती. तळव्यांना टोचत होती आणि तिला कौलांसारखा भाजका वास होता. खाली तळ्याजवळची माती काळपट, थंड; पाय उचलताना ती जिभेसारखी चिकटून राही. "दोन्हीच्या वळ्या वळून बघा," अण्णा म्हणाले. "तुटली तर पाणी धरत न्हाई." वरची तळहातावरच विखुरली, खालची बोटभर लांब होऊनही अखंड राहिली. अण्णा मध्येच कानडीत शिरत, तेव्हा तीच मुलगी पुढे होऊन बाकीच्यांना मराठीत समजावून सांगे. कुठल्या मातीत भात उशिरा पेरला तरी चालतो, हेही तिनेच सांगितलं. अण्णांनी मान डोलावली.

मी मागे वळून पाहिलं, तर मुख्याध्यापिकाबाई पदर खोचून वळी वळत होत्या. त्यांची तीनदा तुटली.

"बाई, पाणी जास्त झालं," एक मुलगा म्हणाला.

"कळतंय मला," त्या म्हणाल्या आणि चौथी वळायला बसल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी माझ्याकडून तो छापील कागद मागून घेतला, चिखलाच्या बोटांनीच सही केली आणि म्हणाल्या, "वार बदलू नका."

त्या रात्री पाठ पुन्हा लिहिताना मी पहिली तासिका कोरी सोडली. आता दरवर्षी त्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसते आणि आपापल्या गावची माती मुलं मला सांगतात. त्या अण्णांचे आणि त्या मुलीचे आभार मानायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.