खेळणं नव्हे, मॉडेल

अमरावतीत विपुल सरांच्या घरी जायचं तर एक शब्द दाराबाहेर ठेवून जावा लागतो: खेळणं. तो चुकून निसटला की संपलंच. "खेळणं नव्हे, मॉडेल," म्हणत सर चष्मा पुसायला घेतात आणि मग पाऊण तास सुटका नाही. छोट्या आगगाडीच्या दोन रुळांमधलं अडीच फूट अंतर सत्याऐंशी पटीनं लहान केलं की पावणेनऊ मिलिमीटर भरतं. बाजारात रूळ नऊचाच मिळतो. तो पाव मिलिमीटर माणसाला अजून सलतो. शेजारचा ओमप्रकाश बिचारा कौतुकानं म्हणाला होता, "सर, मस्त खेळणं बनवलं तुमी." त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

विपुल कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घरातली बैठकीची खोली त्यानं सहा वर्षांपूर्वी बळकावली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूड, त्यावर काळी माती आणि दामिनीच्या भांडी घासायच्या स्पंजाचे तुकडे हिरवे रंगवून केलेली कपाशीची पऱ्हाटी. पाहुणे स्वयंपाकघरात बसतात. दामिनी त्याची बायको. तिनं पहिलं वर्ष भांडून पाहिलं, मग स्पंज दोन-दोन आणायला लागली.

आणि या सगळ्या थाटातून धावते कोण? शकुंतला. मूर्तिजापूर-अचलपूरची छोटी लाईन, जी बंद पडून आता वर्षं झाली. सायकलवाला मागं टाकून जाईल अशी तिची चाल होती. त्या गाडीवर विपुलचे वडील केशवराव तीस वर्षं गार्ड होते.

आता गंमत ऐका. हाच विपुल अकोल्याला शाळेत होता तेव्हा या गाडीचं नाव काढलं की त्याचे कान लाल व्हायचे. सुट्टीत बाप म्हणे, "चाल, तुले अचलपूर दाखवतो," तर याचं पोट दुखे. वर्गात यानं ठोकून दिलं होतं की वडील मुंबई मेलवर आहेत. एकदा केशवराव शाळेत सही करायला आले, तर मास्तर अदबीनं उठून म्हणाले, "या, या, मेलवर असता ना तुम्ही?" केशवरावांनी एकदा पोराकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो जी." घरी आल्यावर त्यावर एक अक्षर नाही. पुढंही नाही.

गाडी बंद पडली, लोक मोबाइलवर तिचे जुने फोटो फिरवायला लागले, आणि आमच्या सरांना एकदम बापाच्या गाडीचा उमाळा आला. गाडी जिवंत असताना लाज, गाडी मेल्यावर वारसा. या विषयावर ते आता भाषणंही देतात, अगदी पुणेरी मराठीत.

पण इतक्या सगळ्यांना तुच्छ लेखणाऱ्या या माणसाला एकाच माणसाचं 'वा' हवं होतं. केशवराव अकोल्याला थोरल्या रोहितकडं राहतात, प्रवास टाळतात. सहा वर्षं विपुल बोलावत होता. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी ते आले, काठी टेकत, धुतलेली टोपी घालून. विपुलनं आदल्या दिवशी रूळ तीनदा पुसले होते. मग त्यानं बटण दाबलं.

गाडी निघाली. केशवराव वाकून बघत राहिले. टेबलाच्या मध्यावर रस्ता रुळांना ओलांडतो, तिथं फाटक. गाडी जवळ आली की फाटक आपोआप पडतं, गेली की उठतं. या एका करामतीला विपुलनं चार महिने घातले होते. तो वडिलांच्या तोंडाकडं बघत होता.

"हे फाटक कोन लावून राहिलं?" केशवरावांनी विचारलं.

"सेन्सर आहे बाबा. आपोआप होतं."

"असं." गाडी एक फेरी फिरून आली. "आमच्या लाईनीवर फाटकवाला नव्हता. गाडी थांबे, मी उतरो, फाटक लावो. गाडी पार झाली का उघडो, अन् पयत जाऊन चढो. पावसात चप्पल चिखलात ऱ्हाये." त्यांनी फाटकाकडं बोट दाखवलं. "इथं थांबव ना जरा."

विपुलनं बटणांशी खटपट केली. "फाटकापाशी थांबत नाही बाबा. तशी सोय ठेवली नाही."

"मंग मी मांगंच राह्यलो," केशवराव म्हणाले, आणि शेवटच्या डब्याशी आणखी वाकले. "गार्डाच्या डब्यात कोनी दिसत नाही."

डबा रिकामाच होता. फलाटावर एक्केचाळीस माणसं होती, तीन शेळ्या होत्या, संत्र्याच्या टोपल्यांत संत्री मोजून घ्यावीत इतकी नीट रंगवली होती. पाव मिलिमीटरसाठी झोप घालवणाऱ्या माणसाला सहा वर्षांत बाप ठेवायचं सुचलं नाही. विपुल काहीतरी बोलायला गेला: तो डबा अजून व्हायचाय, माणसं मागवली आहेत. धडधडीत खोटं. लहानपणीसारखंच.

केशवरावांनी ते ऐकून घेतलं, तेव्हा शाळेत घेतलं होतं तसंच. दामिनीनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले. दुपारी ऑटो आला, तेव्हा दारात चप्पल घालता घालता एकदा खोलीकडं वळून पाहिलं.

"खेळणं बेस बनवलं तू," ते म्हणाले. "पन मेल काहून नाही बनवली? मी तं मेलवर होतो ना."

ऑटो वळणावरून दिसेनासा झाला तरी विपुल दारातच उभा होता. खेळणं हा शब्द त्यानं दुरुस्त केला नव्हता.