केबल त्याची, संशय माझ्यावर

घटस्फोट झाल्यानंतर एका रविवारी दुपारी माझा नवरा माझ्या खराडीच्या फ्लॅटवर आला. कायद्यानं तो नवरा उरला नव्हता, पण जिभेचं वळण लवकर सुटत नाही. आमच्या मुलीचे तान्हेपणापासूनचे व्हिडिओ त्याला हवे होते. ते सगळे मी काढलेले, माझ्या कॉम्प्युटरवर होते आणि त्यांची एक प्रत त्याला द्यायची, असं वकिलांसमोर ठरलं होतं. मुलीला मी मैत्रिणीकडे पाठवून दिलं होतं. चहा विचारायचा नाही, हेही ठरवून टाकलं होतं.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेली हार्ड डिस्क आणि एक केबल त्यानं टेबलावर ठेवली. मी ती जोडून कॉपी सुरू केली. किती कॉपी झालं हे दाखवणारी पट्टी आधी सरसर धावली आणि मग अशी रेंगाळली की रात्र होणार, हे स्क्रीनच सांगू लागला.

"मुद्दाम करतेयस तू," तो म्हणाला.

त्याला दाराबाहेर काढायची घाई त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती. ते बोलून दाखवावं इतकीही जवळीक आता नको होती. मग माझा कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्यावर त्यानं तोंडसुख घेतलं. सगळ्या जगाला जे चालतं ते मला कधीच चाललं नाही, स्वयंपाकापासून संसारापर्यंत, असं बरंच काही. मी कॉपी थांबवली आणि डिस्क कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावली. फरक शून्य. जोडलेली वस्तू कुठल्या वेगानं चालते आहे, हे दाखवणारी एक कमांड असते. ती देऊन पाहिली. पोर्ट नवा, डिस्क नवी, तरी दोघांमधली देवाणघेवाण जुन्या यूएसबीच्या संथ वेगानं चालली होती. म्हणजे घोळ मधल्या केबलमध्ये होता.

मी ती उपसून पाहिली. डिस्कच्या खाचेचे दोन भाग होते आणि त्याची केबल त्यातल्या एकाच भागात बसत होती; जास्त वेगासाठीचा दुसरा भाग रिकामाच राहत होता. मोबाइल चार्ज करायची जुनी केबल होती ती. डिस्कबरोबरची केबल कुठे आहे, असं विचारल्यावर ती हरवली, हे त्यानं मोठ्या कष्टानं कबूल केलं. मी माझ्या डिस्कची केबल काढली, तर म्हणाला, "तुझी कुठलीही वस्तू मला नकोय."

"मग रात्री इथेच झोपणार आहेस का?" मी विचारलं.

माझी केबल लावून कॉपी पुन्हा सुरू केल्यावर वेग एकदम वाढला. काही वेळातच पट्टी भरली आणि कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं. त्यानं लगेच डिस्ककडे हात नेला. मी त्याला थांब म्हटलं. लिनक्स बराचसा डेटा आधी मेमरीत घेतं आणि डिस्कवर मागाहून उतरवतं. पट्टी भरली तरी लिहिणं चालूच असतं. डिस्कवरचा दिवाही लुकलुकत होता. मी तो बोटानं दाखवलासुद्धा.

"दुपारभर खेळवलंस, तेवढं पुरे," असं म्हणून त्यानं डिस्क ओढून काढली आणि निघून गेला. मी त्याचा हात धरू शकले असते. त्याला हात लावायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना त्याचा मेसेज आला. शेवटचे बरेच व्हिडिओ उघडत नव्हते, आणि ते मीच बिघडवून दिले, अशी त्याची खात्री होती. तो वकिलांशी बोलणार होता. घरी आल्यावर मी माझ्या एका रिकाम्या डिस्कवर सगळं पुन्हा उतरवलं, दिवा शांत होईपर्यंत थांबले, प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली आणि स्वारगेटजवळच्या त्याच्या वकिलांच्या ऑफिसात डिस्क नेऊन दिली.

तो तिथे होताच. सगळे व्हिडिओ चालतात की नाही हे पाहिल्याशिवाय मला सोडायचं नाही, असं त्यानं वकिलांना बजावलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत तो एकेक व्हिडिओ लॅपटॉपवर उघडून बघत होता. एकातून मुलीच्या बोबड्या बोलण्यामागे त्याचं खळखळून हसणं ऐकू आलं, आणि त्यावर मी काहीतरी म्हटलेलं. दोघांचेही आवाज मला अनोळखी वाटले. त्यानं तो व्हिडिओ मधेच बंद करून पुढचा लावला. चालतंय का सगळं, असं मी दारातूनच वकिलांना विचारलं. त्यांनी मान डोलावली, तशी मी जिना उतरले.