नाकवाले मिस्तरी

टोचन लावून आणलेली गाडी गॅरेजच्या दारात थांबली, तेव्हा तिच्या बॉनेटमधून अजून वाफ निघत होती. मागोमाग नर्सबाई उतरल्या. रात्रपाळी करून तशाच आलेल्या. डोळे तांबारलेले, केसांची क्लिप एका बाजूला लोंबत होती.

"नाकवाले आहेत का?" त्यांनी विचारलं.

"हे काय, समोरच," मालकानं हात केला.

नाकवाले म्हणजे मिस्तरी. गाडीचं दार उघडायचं, आत वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "क्लच जळतोय", "वायर वितळलीये", "मागच्या सीटखाली उंदीर मेलाय". बाकीचे पाना शोधेपर्यंत यांचा निकाल लागलेला असायचा. थोरले मालक होते तेव्हा म्हणायचे, "पाटी माझ्या नावाची असली तरी गॅरेज याच्या नाकावर चालतं." आता गादीवर त्यांचा मुलगा होता आणि तो मिस्तरींना काका म्हणायचा.

ते नाक गेलं होतं. उन्हाळ्यात ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. मिस्तरींना ते समजलंही नव्हतं. बायकोनं दूध गॅसवर ठेवून त्यांना लक्ष द्यायला सांगितलं होतं. ती आंघोळ करून आली तर पातेलं कोळसा झालेलं, घरभर धूर, आणि हे शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले.

"अहो, घर पेटलं असतं."

"मला वाटलं, अजून तापायचंय."

त्या दिवसापासून हे गुपित दोघांत होतं. बायकोला ते ओझं झालं होतं, पण मिस्तरींनी हात जोडले होते. नाकवाल्याचं नाक गेलं हे कळलं तर त्याला कोण विचारणार?

"काटा लाल पट्टीत गेला आणि मी लगेच गाडी थांबवली," नर्सबाई सांगत होत्या.

"लगेच?"

"म्हणजे, पुढच्या चौकात."

मिस्तरींनी बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे बोट केलं.

"बरं, त्याच्याही पुढे. एक आजोबा इंजेक्शनची वाट बघत होते हो. त्यांच्याकडे जाऊन आले."

"आजोबांना दिलंत, हिला कोण देणार?" मिस्तरी म्हणाले. "आणखी काही त्रास?"

"समोरची काच आतून धुरकट होते. चिकट. पुसून पुसून हात दुखतो. पण ते जाऊ द्या, कामाचं बघा."

मिस्तरींनी ते जाऊ दिलं. नर्सबाईंचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तसा त्यांनी तो हळूच बाजूला केला. "ही गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी अंगावर येतं. बसा. मीही बसतो."

दोघं बसले. दोघांनाही बसायला निमित्त हवंच होतं.

इंजिन गार झाल्यावर मिस्तरींनी झाकण काढलं. पाणी पार खाली गेलेलं. ते भरून त्यांनी झाकणाच्या जागी प्रेशरचा पंप बसवला, हवा भरली आणि काटा बघत उभे राहिले. काटा हळूहळू पडायला लागला. म्हणजे पाणी कुठून तरी निसटत होतं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. तो कोरडा ठणठणीत. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. ऑइलची पट्टी काढून पुसून पाहिली. ऑइलमध्ये पाण्याचा मागमूस नाही. मग त्यांनी इंजिन थोडं चालू केलं, मागे जाऊन सायलेन्सरसमोर तळवा धरला आणि सवयीनं तो नाकाशी नेला.

काहीच नाही. कोऱ्या कागदाचा वास घेतल्यासारखं.

मालक बघत होता. "काय म्हणतंय?"

"बघतो."

"काका, 'बघतो' हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं."

मिस्तरींनी गाडीचं दार उघडलं, आत डोकावून पाहिलं, बंद केलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं.

"पाणी बाहेर गळत नाही, म्हणजे इंजिनात जातंय," मालक म्हणाला. "हेडचं गॅस्केट गेलं. इंजिन उघडायचं का?"

"किती दिवस लागतील?" नर्सबाईंनी विचारलं.

"आठवडा धरून चाला."

त्या तिथल्याच एका टायरवर बसल्या. "माझी माणसं घरोघरी अंथरुणाला खिळलेली आहेत. मी काय चालत फिरू?"

मालकानं मिस्तरींना फळीच्या आडोशाला नेलं. आवाज खाली आणला, पण तुटक होता. "मागच्या महिन्यातली पांढरी गाडी आठवते? तुम्ही म्हणालात थर्मोस्टॅट. निघालं हेड. गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खाल्ल्या. आज पक्कं सांगा. या वेळी चुकलं, तर निदानाचं काम मी दुसऱ्याला देईन. तुम्ही टायर आणि हवा बघा."

मिस्तरींनी मान हलवली. ज्या माणसानं इतकी वर्षं गाडीचं दुखणं सांगितलं, त्यानं आता चाकात हवा भरायची. खांदे इतके जड झाले होते, की क्षणभर तेही बरंच वाटलं. मग वाटलं नाही.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. सकाळपासून लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून तिच्या गुडघ्यांचे लाकडी ठोकळे झाले होते. तिनं बसायला जागा शोधली, स्टूल बुटकं होतं, म्हणून ती गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर टेकली. पाय आत घेतले आणि नाक मुरडलं.

"इथं कुणाचं औषध सांडलंय?"

"माझं नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. "माझी बॅग मागे असते."

"गोडसर वास येतोय. खोकल्याच्या औषधासारखा. खालून, पायाशी."

मिस्तरींच्या हातातला पाना तसाच राहिला.

"ऊठ," ते म्हणाले.

"आत्ता तर बसले."

"अगं, ऊठ जरा."

त्यांनी पायाखालचं मॅट उचललं. खालचा गालिचा ओला होता. बोट लावलं तर चिकट, हिरवट. मान वर करून त्यांनी समोरची काच बघितली. तिच्यावर आतून तोच चिकट पापुद्रा. नर्सबाईंनी सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं. हीटरची कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते, इंजिन गार ठेवणारं, गोडसर वासाचं कूलंट तिच्यातूनही फिरतं. ती फुटली की गळती गाडीच्या पोटात होते, जमिनीवर थेंब पडत नाही. पूर्वी दार उघडताच हे नाकानं सांगितलं असतं. डोक्याला ते कधी विचारावंच लागलं नव्हतं.

त्यांनी हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चिमट्यात घट्ट दाबले आणि पुन्हा पंप मारला. सगळे काट्याभोवती जमले. काटा होता तिथंच उभा राहिला. मग पाइप हीटरला वगळून जोडले, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. गॅस्केट गेलं असतं तर पाण्यात बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

"हेड शाबूत आहे," मिस्तरी म्हणाले. "गाडी संध्याकाळी न्या. कॉइल बदलेपर्यंत हीटर नाही. थंडी वाजेल."

"वाजू दे," नर्सबाई म्हणाल्या, आणि टायरवर बसल्या बसल्याच पेंगल्या.

मालक हलला नव्हता. "काका, तुम्ही सकाळपासून दोनदा आत डोकावलात. वास काकूंना आला."

बायकोनं डब्याची कडी उघडली आणि परत लावली.

"नाक गेलंय माझं," मिस्तरी म्हणाले. "तापात."

"आणि ती पांढरी गाडी?"

"तीही त्यातच."

मालकानं कपाळ चोळलं. "मला वाटत होतं, तुमचं कामावरचं लक्ष उडालंय."

"लक्ष आहे. नाक नाही." मिस्तरींनी हात पुसले, ते पुसलेलेच होते. "मला वेळ लागेल आता. एकेक पाइप दाबून बघावा लागेल, गिऱ्हाइकाचं शेवटपर्यंत ऐकावं लागेल. दारात उभं राहून सांगता येणार नाही."

"आणि मला रोज बोलावू नका," बायको म्हणाली. "माझं नाक लाँड्रीला बांधलेलं आहे. तिथं मोजे येतात."

मालकाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "वेळ घ्या. निदानाचं काम तुमच्याकडेच राहील. पण पेट्रोलची टाकी आणि वेल्डिंग, यांना आजपासून हात लावायचा नाही."

"वेल्डिंग मी तुझ्या वडिलांना शिकवलंय."

"माहीत आहे. पेट्रोल गळत असेल आणि तुम्हाला कळलं नाही, तर काकूंना मी काय तोंड दाखवू?"

मिस्तरींना बोलायचं होतं. त्यांचा वेल्डिंगचा सांधा असा यायचा, की वरून बोट फिरवलं तरी लागत नसे. पण थोरल्या मालकांचा मुलगा खरं बोलत होता. खिळ्यावरचा वेल्डिंगचा मुखवटा त्यांनी काढला, फडक्यानं पुसला आणि मालकाच्या टेबलावर ठेवला. मग दोघं नवरा-बायको गार झालेला डबा खायला बसले. निम्मा तसाच राहिला.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं दूध गॅसवर ठेवलं आणि पाय लांब करून बसली.

"माझ्यात उठायचं त्राण नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

"मी?"

"डोळे आहेत ना? तिथंच उभे राहा."

मिस्तरी उभे राहिले. पाठ दुखत होती, स्टूल हाताशी होतं, तरी बसले नाहीत. दुधावर साय धरली, कडेनं बारीक बुडबुडे आले. त्यांनी एक हात गॅसच्या बटणावर ठेवला आणि पातेल्यावरची नजर हलू दिली नाही.