मुकुंदरावांचं झाकण

इतवारीतलं भांड्यांचं दुकान मुलाच्या हाती सोपवलं आणि मुकुंदरावांना म्हातारपणी नाद लागला तो भुईछत्र्यांचा! पावसाळ्यातल्या दर रविवारी स्वारी गोरेवाड्याच्या राखीव जंगलात हजर. सोबत दुकानातलं चकचकीत स्टीलचं झाकण. ते छत्रीखाली अलगद सरकवलं, की टोपीखालच्या बारीक निऱ्या आरशात दिसाव्यात तशा दिसत. तोडायची गरजच नाही. कुणी नुसता हात लावला तरी मुकुंदराव खेकसत, "काहून तोडतं गा? झाकणात पाह्य ना!" रविवारी भुईछत्र्या पाहायला येणारा सगळा ग्रुप त्यांना मानायचा, आणि हे त्यांना भारी आवडायचं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. पण कबूल करतील ते मुकुंदराव कसले! हातात काठी आली, तीही म्हणे सापांसाठी.

त्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी पोचले. ग्रुपमधली दीप्ती, रामदासपेठेतल्या दवाखान्यातली नर्स, आदल्या दिवशी एक जांभळट कळी पाहून गेली होती. पडलेल्या खोडापाशी ती आता छान उमलली होती. झाकण सरकवायला खाली बसावं, तर गुडघ्यातून कळ आली. ओणवं होऊन हात मात्र पुरत होता. निऱ्या पाहिल्याशिवाय राहवेना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि छत्री खुडली.

तेवढ्यात पावलं वाजली. छत्री सदऱ्याच्या खिशात गेली, तिच्यावर उजवी मूठ.

मोडका देठ पाहून दीप्तीचा चेहराच उतरला. "काकाजी, कोणं तोडली जी?"

"वानरायचं काम असन," मुकुंदराव म्हणाले.

तिनं लगेच विश्वास ठेवला. वर त्यांचीच समजूत घातली, "जाऊ द्या जी, तुमी नका मनाले लावून घेऊ." मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं पाठीमागे धरलेला बांबू पुढे केला. टोकाला स्टीलचं झाकण तिरपं बसवलेलं. "तुमचे गुडघे दुखून राहिले ना? तुमी सांगत नाही, पण मले दिसते. आता वाकाचं काम नाही."

डाव्या हातात काठी होती. कुणी मायेनं दिलेलं डाव्या हातानं घेऊ नये, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. दीप्ती बांबू पुढे करून उभीच.

मुकुंदरावांनी उजवा हात बाहेर काढला. बोटांना चुरगळलेल्या जांभळ्या निऱ्या चिकटल्या होत्या.

"वानर मीच वं पोरी," ते म्हणाले. बांबू मात्र त्यांना घेववेना.