मनगटावरचं नाव

आमची जयवंता जन्मापासून बहिरी. मी कमल, तिची थोरली बहीण. इकडे तेलुगू मुलखात, तारनाक्याला दोघी एकाच घरात राहतो. तिचा नवरा सुरेश, तोही बहिराच, रेल्वेत कारकून होता. दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ही बाई रडली नाही की हसली नाही. जेव म्हटलं की जेवते.

बहिऱ्या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. सुरेश सारखा घड्याळ बघायचा, म्हणून त्याचं नाव डाव्या मनगटावर दोन बोटं, दोनदा. मी ते कधी घेतलं नाही. 'तुझा नवरा' म्हणून भागवायची. चहा, औषध, बाजार, एवढ्याच खुणा मला यायच्या. आळस, दुसरं काय. तो गेल्यावर घरात ते नाव बंदच झालं.

गेल्या वर्षी तेलुगू सिनेमावाले जयवंताकडे आले. नायिका बहिरी होती, आणि ते काम करणाऱ्या ऐकत्या पोरीला खुणा शिकवायच्या होत्या. नायकाला खुणेचं नाव काय द्यायचं, असं त्यांनी विचारलं. जयवंताने सुरेशचं दिलं. महिनाभर त्या पोरीकडून घोटून घेतलं. मला कागदावर लिहून दाखवलं, "पडद्यावर भिंतीएवढं दिसेल." कितीतरी दिवसांनी ती कशाची तरी वाट बघत होती.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. नायिका नायकाला हाक मारते तो प्रसंग आला, तर पडद्यावर नुसता तिचा चेहरा. डोळे भरलेले, व्हायोलिन चाललेलं. खांदे हलत होते, हात पडद्याच्या खाली कुठेतरी. दर वेळी तेच. अख्खं थेटर मुसमुसत होतं. शेवटी तर त्या बयेला वाचा फुटली, तिने तोंडाने हाक मारली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. हौले कुठले, बिनडोक! माझं डोकंच फिरलं. जयवंता मांडीवर पर्स धरून बघत होती, बसची वाट बघावी तशी.

घरी येऊन तिने भात लावला. कसा होता, मी खुणेने विचारलं. तिने अंगठा वर केला आणि ताटं काढायला लागली.

मला राहवेना. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मनगटावर दोन बोटं दोनदा टेकवली.

ती बघत राहिली. मग माझा उजवा हात खाली केला, डावा पुढे ओढला आणि माझ्याच उजव्या हाताची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. इतकी वर्षं समोरून बघितलेलं नाव मी उलट्या हातावर घेतलं होतं.

परत, तिने खूण केली. मी परत घेतलं.

परत.